टेक्सासचे राज्य खजिनदारपद : एका विलीनीकरणाची कथा

टेक्सासच्या १८७६ च्या राज्यघटनेने राज्याच्या पैशाचा कारभार दोन निर्वाचित अधिकाऱ्यांत विभागला होता. लेखानियंत्रक, म्हणजेच कॉम्प्ट्रोलर, हिशेब आणि पुढे करवसुलीही पाहत असे. राज्य खजिनदाराकडे प्रत्यक्ष रोकड व ठेवींची जबाबदारी होती. ही विभागणी १९९६ मध्ये संपुष्टात आली.

पार्श्वभूमी
१९९३ मध्ये तत्कालीन खजिनदार के बेली हचिसन अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेल्या. रिक्त पदावर गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांनी मार्था व्हाइटहेड यांची नेमणूक केली. व्हाइटहेड यांनी १९९४ ची निवडणूक आपलेच पद रद्द करण्याचे आश्वासन देऊन लढवली आणि जिंकली.

प्रक्रिया
टेक्सासमध्ये घटनादुरुस्तीसाठी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे दोन तृतीयांश बहुमत लागते : प्रतिनिधिगृहात १५० पैकी १००, सिनेटमध्ये ३१ पैकी २१ मते. त्यानंतर अंतिम निर्णय मतदारांचा. भारतात संसदेने संमत केलेली घटनादुरुस्ती जनतेच्या मतदानाला टाकली जात नाही. येथे त्याशिवाय ती अमलात येत नाही. ७ नोव्हेंबर १९९५ रोजी मतदारांनी हा प्रस्ताव मंजूर केला आणि खजिनदाराची कामे लेखानियंत्रक जॉन शार्प यांच्या कार्यालयाकडे गेली.

मतभेदाचा मुद्दा
समर्थकांचा युक्तिवाद काटकसरीचा असतो : एकाच स्वरूपाच्या कामासाठी दोन कार्यालये कशाला? आक्षेप असा की, पैसे देण्याचा आदेश काढणारा आणि तिजोरी सांभाळणारा हात वेगळा असेल, तरच एकाची नजर दुसऱ्यावर राहते. इलिनॉयमध्ये १९५६ साली राज्याचा तत्कालीन लेखापाल ऑर्विल हॉज याने सरकारी पैशाचा मोठा अपहार केल्याचे उघड झाले. पुढे १९७० च्या राज्यघटनेने तेथे निर्वाचित लेखानियंत्रक, खजिनदार आणि विधिमंडळाने नेमलेला महालेखापरीक्षक अशी तीन पदे ठेवली. त्यापैकी पहिली दोन एकत्र करण्याची मागणी तेथे अधूनमधून होत आली आहे. फ्लोरिडाच्या मतदारांनी मात्र १९९८ मध्ये अशा विलीनीकरणाला कौल दिला. २००३ पासून तेथे मुख्य वित्त अधिकारी हे एकच पद आहे.

मतदारांसाठी
अशा प्रस्तावांवर फक्त नागरिक मत देऊ शकतात; ग्रीन कार्ड किंवा एच-१बी व्हिसा पुरेसा नसतो. मतपत्रिकेवर मजकूर त्रोटक असतो. म्हणून किती खर्च वाचेल याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारणे हिताचे : पद गेल्यावर हिशेब तपासणारा स्वतंत्र अधिकारी कोण उरतो? टेक्सासमध्ये ते काम राज्य लेखापरीक्षक करतो. त्याची नेमणूक लेखानियंत्रक करत नाही. ती विधिमंडळाची समिती करते.