आजीच्या गोधडीतली बांधणी आणि माझा चुकलेला प्रश्न

गेल्या दिवाळीत गावी गेले होते. रात्री अंगावर घेतलेल्या गोधडीचा वरचा थर एका कोपऱ्यात विरला होता आणि आतून लाल कापड डोकावत होतं. त्यावर पांढरे-पिवळे ठिपके. आजीला विचारलं, तर म्हणाली, "माझी बांधणी आहे ती. फाटली म्हणून गोधडीत घातली." झालं, माझी झोप उडाली. पीएच.डी. करणाऱ्या माणसाला सुट्टी नसते हे खरंच आहे.

पहिला प्रश्न मनात आला तो असा: ही खरी बांधणी की नुसतं छापील कापड? हा प्रश्न वाईट नाही, पण त्याने मला बरेच महिने चुकीच्या दिशेला फिरवलं. सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांसाठी ती गोष्ट सांगते.

आधी बांधणी होते कशी ते पाहू. कापडाच्या दोन किंवा चार घड्या घालायच्या, वाढवलेल्या नखाने किंवा टोकदार अंगठीने कापडाचा इवलासा चिमटा वर उचलायचा आणि त्याला दोरा घट्ट गुंडाळायचा. मग रंगात बुडवायचं. दोऱ्याखाली रंग शिरत नाही, तिथे ठिपका उरतो. रंग फिक्याकडून गडदाकडे चढवतात. पिवळ्यात बुडवून पुन्हा गाठी बांधल्या आणि मग लालात टाकलं, तर पांढरे आणि पिवळे असे दोन्ही ठिपके मिळतात. कच्छ आणि जामनगरकडे चार गाठींची एक कडी धरतात आणि मजुरी कड्यांवर ठरते. बांधणाऱ्या बहुतेक बायका, रंगवणारे आणि विकणारे बरेचसे खत्री. चांगल्या दुकानात कापड गाठींसकट दाखवतात. दोन टोकांनी ताणलं की दोरे तटातट सुटतात आणि गिऱ्हाइकाची खात्री पटते. सुटल्यावरही कापडावर बारीक चुण्या राहतात. ओळखायची सर्वात सोपी खूण तीच.

आता अंथरुणा-पांघरुणाची अडचण बघा. चादर सपाट लागते. ती धुतली जाते, इस्त्री होते, तिच्यावर माणसं लोळतात. चुण्या टिकणार कशा? आणि चादर जपून कोण ठेवतं? संग्रहालयांत लग्नाच्या ओढण्या आणि घरचोळी सापडतात, कारण त्या पेटीत राहिल्या. रोजचं कापड विरून जातं. आपल्याकडे जुनं लुगडं एकतर बोहारणीकडे जातं आणि भांडं होऊन परत येतं, नाहीतर गोधडीत शिरतं. म्हणजे जे उरलंय त्यावरून जे होतं त्याचा अंदाज बांधताना फसायला होतं. पद्धतिशास्त्राच्या पेपरात हे आपण पाठ करतो. मला ते गोधडीत कळलं.

कापड टिकत नाही, म्हणून मी ग्रंथ आणि चित्रांकडे वळले. अजिंठ्याच्या भिंतींवर ठिपकेदार वस्त्रं आहेत आणि बांधणीवरच्या लेखनात ती जुना पुरावा म्हणून नेहमी येतात. पण भिंतीवरचा ठिपका हा रंगाचा ठिपका असतो. कापड बांधलेलं होतं, छापलेलं होतं की विणलेलं, हे तो सांगत नाही. त्या मानाने सातव्या शतकातलं बाणभट्टाचं 'हर्षचरित' भक्कम वाटतं. राज्यश्रीच्या लग्नाच्या तयारीत नाना नक्ष्यांत तरबेज असलेल्या नगरातल्या वयस्कर स्त्रिया कापडं बांधताहेत, असं वर्णन त्यात आहे. बाणाला बांधणाऱ्या बायका दिसल्या, हे लक्षात ठेवा. पुढे त्या दिसेनाशा होतात.

मग मी व्यापाराच्या नोंदींत शिरले आणि एक घोडचूक केली. इंग्रजी साधनांत 'पलमपोर' नावाची भारतीय पलंगपोसं भरपूर भेटतात. मी ती खुशाल बांधणीच्या खात्यात टाकली. गाईडनी एका वाक्यात उडवलं: ती कोरोमंडल किनाऱ्यावरची कलमकारी आहे, कलमाने रंगवलेली, तिचा गाठीशी काय संबंध? वस्तू पलंगावर जाते म्हणून तंत्र एक होत नाही.

बांधणीचा खरा धागा सापडला तो रुमालात. हिंदुस्तानी 'बांधनू'वरून इंग्रजीत 'बँडाना' शब्द गेला. बंगालमधून ठिपक्यांचे रेशमी रुमाल ईस्ट इंडिया कंपनी नेत असे. तपकीर ओढणाऱ्या साहेबांना ते फार आवडत, कारण गडद रुमालावर डाग दिसत नाहीत. 1700च्या कायद्याने भारतीय रेशीम आणि रंगीत सुती कापड इंग्लंडमध्ये वापरायला बंदी घातली, तरी रुमाल चोरट्या मार्गाने येतच राहिले. रेशमावरची बंदी उठली 1826 मध्ये. दरम्यान ग्लासगोत हेन्री मॉन्टीथच्या कारखान्याने युक्ती काढली. मंजिष्ठ्याच्या जातीच्या मुळांतल्या रंगाने पक्कं लाल केलेल्या कापडाचे थर भोकं पाडलेल्या शिशाच्या पत्र्यांमध्ये दाबायचे आणि भोकांतून रंग उडवणारं द्रावण सोडायचं. जिथे द्रावण लागलं तिथे पांढरा ठिपका. एकही गाठ न बांधता अनेक रुमाल एकदम तयार.

इथे माझा प्रश्न बदलला. नक्कल होते तेव्हा नक्षी तशीच राहते, किंमतही उतरते, मग नेमकं काय गळतं? गळतात त्या बांधणाऱ्या बायका. मी पाहिलेल्या नोंदी नग मोजतात, गाठी मोजत नाहीत. बाणाला दिसलेली बाई हिशेबाच्या वहीत नाही. माझं एक अख्खं प्रकरण निर्यातीच्या आकड्यांवर उभं होतं आणि त्यात तीही नव्हती. ते प्रकरण मी पुन्हा लिहितेय. (हो, मुदत उलटून गेलीय.)

राहिली गोधडी. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी भिंग घेऊन बसले. चुण्या नाहीत, पण इतक्या वर्षांत त्या राहिल्याच नसत्या. मागची बाजू फिकी, पण दोन्ही बाजू फिक्याच होत्या. काही ठिपक्यांच्या मधोमध रंगाचा बिंदू होता. बांधलेल्या ठिपक्यात तो असतो खरा, पण हुशार छापणारे तोही छापतात. मग एक वाकडा ठिपका दिसला, डावीकडे शेपटी फुटलेला. वीतभर पुढे पुन्हा तोच, तशीच शेपटी. आणखी वीतभर पुढे पुन्हा तोच. ठशातली खोट कापडभर पसरली होती. हाताच्या चुका अशा रांगेत येत नाहीत.

आजीला सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "छापील तर छापील. खरी घ्यायला पैसे कुठे होते? आम्ही बांधणीच म्हणायचो."

माझ्या नोंदवहीत त्या कापडापुढे दोन रकाने आहेत. तंत्र: छापील. वापरणारीचा शब्द: बांधणी. विरलेल्या कोपऱ्यावर आजीने ठिगळ लावलं, त्यामुळे आता ते कापड दिसत नाही.