मेंदूतला राखणदार घरचा की बाहेरचा? उंदरांच्या जनुकांतून हे कसं कळतं

नांदेड जिल्ह्यातलं अर्धापूर केळीसाठी ओळखलं जातं. केळीच्या बुडातून मुनवे फुटतात. त्यातला एक जोमदार मुनवा राखला की घड कापल्यावर त्याच जागी खोडवा उभा राहतो, बाहेरून नवी लागवड करावी लागत नाही. आपल्या मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींचंही काहीसं असंच आहे. त्या जन्माच्या कितीतरी आधी मेंदूत शिरतात आणि पुढे तिथल्या तिथे नव्या होत राहतात. या पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात.

मायक्रोग्लिया काय काम करतात?

स्पेनचे शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये या पेशी वेगळ्या ओळखून त्यांना नाव दिलं. उंदराच्या मेंदूत भागानुसार ५ ते १२ टक्के पेशी मायक्रोग्लिया असतात. मेलेल्या पेशी उचलणं, जंतूंशी लढणं आणि वाढत्या मेंदूतले चेतापेशींमधले जादा जोड छाटणं ही त्यांची मुख्य कामं.

मग अडचण कुठे येते?

मेंदूत संसर्ग झाला की रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पेशीही आत घुसतात. थोड्याच काळात त्यांचं रूप मायक्रोग्लियासारखं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली घरचा राखणदार कोणता आणि बाहेरून आलेला कोणता, हे नुसतं पाहून ओळखणं अवघड जातं.

हा प्रश्न महाराष्ट्राला जवळचा आहे. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांमध्ये पहिल्यांदा सापडला. वाळूमाशीमार्फत पसरणारा हा विषाणू लहान मुलांच्या मेंदूवर हल्ला करतो. ताप, झटके आणि बेशुद्धी असा आजार फार वेगाने वाढतो. २००३ मध्ये नांदेडला लागून असलेल्या तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यातली १८३ दगावली. या आजारावर अजून खास औषध किंवा लस नाही. अशा मेंदूज्वरात सूज कोणत्या पेशी वाढवतात आणि मेंदू कोणत्या वाचवतात, हे कळल्याशिवाय औषध नेमकं कुणावर चालवायचं ते ठरत नाही.

शास्त्रज्ञ पेशींवर खूण कशी करतात?

पहिली मोठी सोय २००० साली झाली. न्यूयॉर्कमध्ये स्टेफन युंग आणि डॅन लिटमन यांनी असा उंदीर तयार केला, ज्याच्या मायक्रोग्लिया हिरव्या चमकतात. त्यासाठी सीएक्स३सीआर१ या जनुकाच्या जागी जेलीफिशमधलं चमकणारं प्रथिन बनवणारं जनुक बसवलं. २००५ मध्ये अशाच जिवंत उंदरांच्या मेंदूत डोकावल्यावर दिसलं की मायक्रोग्लिया निवांत बसत नाहीत. आपले फाटे सतत हलवत त्या आजूबाजूचा परिसर तपासत असतात.

दुसरं साधन म्हणजे ‘क्री’ नावाची जनुकीय कात्री. ही जीवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूकडून घेतलेली आहे. डीएनएवर ‘लॉक्स’ नावाच्या दोन खुणा असतील तर त्यांच्यामधला तुकडा ती कापून टाकते. एका उंदरात ही कात्री हव्या त्या पेशीतच चालू होईल अशी बसवतात. दुसऱ्या उंदरात चमकणाऱ्या जनुकापुढे ‘थांबा’ सांगणारा तुकडा दोन लॉक्समध्ये ठेवतात. दोघांच्या पिल्लांमध्ये कात्री तो तुकडा कापते आणि पेशी कायमची रंगते. तिच्यापासून होणाऱ्या सगळ्या पेशीही रंगीतच होतात.

कात्री कधी चालवायची, हेही ठरवता येतं. कात्रीत थोडा बदल केला की ती केंद्रकाबाहेर अडकून राहते. स्तनाच्या कर्करोगावर वापरलं जाणारं टॅमॉक्सिफेन हे औषध दिलं की मगच ती आत जाते.

या साधनांनी काय दाखवलं?

२०१० मध्ये फ्लोराँ जिनू आणि मिरियम मेराद यांच्या गटाने गर्भारपणाच्या सातव्या दिवसाच्या आसपास उंदरांच्या माद्यांना टॅमॉक्सिफेन दिलं. त्या वेळी रंगलेल्या पेशी गर्भाबाहेरच्या पीतक पिशवीत होत्या. पिल्लं मोठी झाल्यावर तीच खूण त्यांच्या मायक्रोग्लियात सापडली. मायक्रोग्लिया त्या पिशवीतून येतात, जन्मानंतर अस्थिमज्जेतून भरल्या जात नाहीत, याचा हा भक्कम पुरावा ठरला.

२०१३ मध्ये टॅमॉक्सिफेनवर चालणारी कात्री सीएक्स३सीआर१ला जोडली गेली. हे जनुक मोनोसाइटमध्येही चालू असल्यामुळे सुरुवातीला दोन्ही पेशी रंगतात. पण मोनोसाइट अल्पायुषी असतात आणि काही आठवड्यांत त्यांच्या जागी नव्या, बिनरंगी पेशी येतात. तेवढं थांबलं की रंग राहतो तो दीर्घायुषी मायक्रोग्लियात.

ही साधनं किती भरवशाची?

मेंदूच्या आवरणांत आणि रक्तवाहिन्यांभोवती राहणाऱ्या काही पेशींमध्येही सीएक्स३सीआर१ चालू असतं आणि त्याही बराच काळ टिकतात. त्यामुळे त्याही रंगून जातात. म्हणून पुढे टीएमईएम११९, पी२आरवाय१२ आणि हेक्सबी या मायक्रोग्लियाच्या जास्त खास जनुकांवर आधारलेले उंदीर आले. काही वेळा कात्री औषध न देताही थोडी चालते. त्यामुळे टॅमॉक्सिफेन न दिलेले उंदीर तुलनेसाठी ठेवावेच लागतात.

आजारांच्या संशोधनात याने काय फरक पडतो?

जपानी मेंदूज्वर झालेल्या उंदरांना मिनोसायक्लिन दिल्यावर मायक्रोग्लियाची खवळ कमी झाली आणि जास्त उंदीर जगले, असं हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात दिसलं. पण मिनोसायक्लिन इतर अनेक पेशींवरही परिणाम करतं. याउलट २०१८ मध्ये, वेस्ट नाइल विषाणूची लागण करण्याआधी औषधाने मायक्रोग्लिया काढून टाकलेले उंदीर जास्त संख्येने मेले. म्हणजे या पेशी नुकसान करू शकतात आणि जीवही वाचवू शकतात. पण हे औषधही फक्त मायक्रोग्लियापुरतं थांबत नाही. नेमक्या त्याच पेशीत, नेमक्या वेळी एखादं जनुक बंद करून पाहणं जनुकीय साधनांमुळेच जमतं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसाच्या मायक्रोग्लियात काही जनुकं वेगळी वागतात आणि उंदरात चाललेलं औषध रुग्णात चालेलच असं नाही. म्हणून ‘मेंदूची सूज घालवणारा उपाय सापडला’ अशी पोस्ट फिरताना दिसली तर तीन गोष्टी पाहाव्यात. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर? परिणाम मायक्रोग्लियावर झाला की बाहेरून आलेल्या पेशींवर? आणि या दोन्हींत फरक कसा केला, हे सांगितलंय का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर दुसऱ्याच्या उत्तरावर विश्वास ठेवण्याची घाई करू नये.