बादलीतली निवळी

पुराचं पाणी ओसरलं की सार्वजनिक विहिरीवर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पिशवी घेऊन येतो. एका बादलीला शंभर ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घ्यायची नाही. आधी थोड्या पाण्यात तिची पातळ खळ करायची, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून काठीनं ढवळायचं आणि पाच-दहा मिनिटं तिला हात लावायचा नाही. चुना तळाशी बसतो. वर उरलेलं, नाकाला झोंबणारं पाणी अलगद दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायचं. ती बादली दोरानं विहिरीत पाण्याखाली सोडून वर-खाली, इकडे-तिकडे जोरात हलवायची. तळाचा साका मात्र बाहेर टाकायचा. तो विहिरीत गेला तर पाणी नुसतं जड होतं.

हे जे वरचं पाणी, ते निवळी.

हाच शब्द मराठीत एका झाडाच्या बीचंही नाव आहे. संस्कृतात ते झाड कतक. मातीच्या मडक्याला आतून ही बी घासायची, गढूळ पाणी भरायचं आणि थांबायचं. माती खाली बसते. सुश्रुतानं गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात वस्तू सांगितल्या, त्यांत कतक आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात तर त्याचा दाखलाच आहे: कतकाचं फळ पाणी निवळतं खरं, पण त्याचं नुसतं नाव घेतल्यानं निवळत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बीचं नाव क्लोरीनच्या बादलीत कसं उतरलं, हे शोधायला गेलं की आधी शब्दाचंच भांडण सोडवावं लागतं.

'निवळ'वर दोन घराणी हक्क सांगतात. पहिलं 'निर्मल'. हिंदीत या बीला निर्मली म्हणतात, त्यामुळे निर्मली-निवळी ही जोडी कानाला लगेच पटते. शिवाय मधल्या 'म'चा 'व' करण्याची मराठीची सवय जुनी आहे: आमलकाचा आवळा, श्यामलाचा सावळा, कोमलाचा कोवळा. अडचण अशी की या तिन्ही शब्दांत 'म' एकटा आहे. 'निर्मल'मध्ये त्याला 'र' जोडलेला आहे, आणि प्राकृतात अशा जोडाक्षराचा 'म्म' होतो. हा दुहेरी 'म' मराठीत सहसा टिकतो. कर्म, कम्म, काम. चर्म, चम्म, चाम. कामाचं 'काव' झालं नाही, चामाचं 'चाव' झालं नाही. मग एकट्या निर्मलाचाच 'निमळ' व्हायचं सोडून 'निवळ' का व्हावा?

दुसरं घराणं 'निवणे'चं. संस्कृतातल्या 'निर्वा'चा अर्थ विझणं, शांत होणं. 'निर्वाण' त्याच कुळातलं. प्राकृतात 'णिव्वा', मराठीत 'निवणे'. तापलेलं दूध निवतं, डोळे निवतात, जीव निवतो. इथे 'व' मुळातच आहे, कुठून उसना आणावा लागत नाही. अर्थही चपखल बसतो: वादळ निवळतं, वातावरण निवळतं, ते कुणी धुतलं म्हणून नव्हे, तर खळबळ थांबली म्हणून. पाणीही तसंच निवळतं.

निर्मलवाद्यांच्या हाती हिंदी निर्मलीचा पुरावा उरतोच. त्याचं उत्तर असं देता येईल की बीचं नाव 'निर्मली' म्हणूनच आलं असावं, आणि मराठी जिभेनं ते आपल्या घरच्या 'निवळणे'कडे ओढून घेतलं असावं. शब्द असे ओळखीच्या शब्दाला चिकटतातच. हे मान्य केलं तर हरवलेल्या 'म'चाही हिशेब लागतो.

हे भांडण केवळ पंडिती नाही. निवळ म्हणजे निर्मळ असं धरलं तर जीव जाऊ शकतो. कतकाची बी मातीचे कण एकमेकांना चिकटवून खाली बसवते, तुरटी करते तेच. पाणी काचेसारखं दिसतं, पण त्यात कॉलऱ्याचे जंतू असू शकतात. क्लोरीनचं नेमकं उलट. तो जंतू मारतो, पण गढूळपणा काढत नाही. उलट चिखल आणि कुजका पाला त्यालाच खाऊन टाकतात. म्हणून 2019च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आला तसा पूर विहिरीत शिरला की आधी गाळ उपसावा लागतो, मगच पावडरीचा हिशेब. पाणी स्वच्छ असेल आणि पावडरीत 33 टक्के क्लोरीन असेल, तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते आणि तासभर थांबावं लागतं.

बीपासून बादलीपर्यंतच्या वाटेत मधला थांबा चुन्याचा आहे. कळीचा चुना पाण्यात विरवून ठेवला की वर येणारी 'चुन्याची निवळी' घरोघरी औषधाला ठेवत, लहान मुलांच्या पोटदुखीवर देत. ब्लीचिंग पावडर म्हणजे विरवलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून केलेली भुकटी. 1799 मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटनं तिचं पेटंट घेतलं ते कापड पांढरं करायला. ती पाण्यात ढवळली की तळाशी चुना, वर निवळ पाणी, हे दृश्य मराठी घराला नवं नव्हतंच. नाव तयार होतं, तेच लागलं.

कापडाची पावडर पिण्याच्या पाण्यात गेली ती संकटकाळात. 1897 मध्ये इंग्लंडमधल्या मेडस्टनला विषमज्वराची साथ आली, तेव्हा सिम्स वुडहेड यांनी गावाच्या नळवाहिन्या ब्लीचिंग पावडरच्या द्रावणानं निर्जंतुक केल्या. रोजच्या पाण्यात सतत क्लोरीन घालण्याचे लिंकन (1905) आणि जर्सी सिटी (1908) इथले प्रसिद्ध प्रयोग त्यानंतरचे. नेहमीची सवय आधी तातडीचा उपाय म्हणून आली, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

मेडस्टनचं काम आजही दर फुटलेल्या जलवाहिनीवर होतं. दाब उतरला की भेगांतून आजूबाजूचं सांडपाणी नळात ओढलं जातं. म्हणून जोड बसवल्यावर आधी पाणी जोरात सोडून नळ धुतात, मग कडक क्लोरीन भरून ठेवतात. नव्या वाहिनीसाठी अमेरिकी पद्धतीत लिटरला 25 मिलिग्रॅम, चोवीस तास. शेवटी निदान 10 शिल्लक हवेत. मग ते सोडून देऊन नमुना तपासायचा. दुरुस्तीनंतर मुंबईकरांना 'पाणी गाळून, उकळून प्या' अशी सूचना येते, त्यातलं गाळणं सुश्रुताच्या यादीत 'वस्त्र' म्हणून आहेच. बांगलादेशात जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळल्यावर कॉलरा जवळपास निम्म्यानं घटल्याचं 2003 मध्ये रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

राहिला टीसीएल. ही अक्षरं टाटा केमिकल्स लिमिटेडशी तंतोतंत जुळतात, म्हणून तो तर्क मोहात पाडतो. पण श्रीलंकेच्या पाणीखात्यातही याच पावडरीला टीसीएल म्हणतात आणि तिथे फोड 'ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम' अशी सरळ दिली जाते. उष्ण प्रदेशात साध्या पावडरीतला क्लोरीन लवकर उडतो. जादा चुना मिसळला की ती टिकते. ब्रिटिश अमदानीच्या मागणीपत्रांतून हे नाव इकडच्या गोदामांत आलं असणार.

नागपूरच्या नीरी संस्थेनं तर ढवळून थांबण्याचं काम मडक्यावरच सोपवलं. एकात एक दोन मडकी. आतल्यात एक किलो पावडर आणि दोन किलो जाड वाळू ओलसर कालवून भरायची. दोन्हींना एकेक सेंटिमीटरचं भोक, आतल्याला काठाजवळ, बाहेरच्याला तळाच्या थोडं वर. बाहेरच्याचं तोंड प्लॅस्टिकनं बांधून दोरानं विहिरीत पाण्याखाली मीटरभर सोडायचं. साका आतच राहतो, भोकातून हळूहळू क्लोरीन झिरपत राहतो, आणि घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे पुरतो.