अंगणातले शिबिर : वैयावृत्त्याचा एक आधुनिक अध्याय

जैन दर्शनातील सहा अभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना होते. ग्लान म्हणजे रुग्ण साधूची शुश्रूषा, नवदीक्षिताला आधार, तपस्व्याची काळजी अशी कर्मे त्यात येतात. नंदिषेण मुनींची कथा प्रवचनांतून बहुतेकांनी ऐकलेली असेल. रुग्ण साधूचे रूप घेऊन देव परीक्षा पाहण्यास आला, मुनींनी त्याला खांद्यावर घेतले, आणि अंग मलीन झाले तरी त्यांच्या मनात जुगुप्सा उत्पन्न झाली नाही. या कथेत मुनींनी द्रव्यदान काहीच केलेले नाही. अपरिग्रही साधूजवळ देण्यासारखे द्रव्य नव्हतेच. दिला तो आपला खांदा. वैयावृत्त्याला दानाहून निराळे, तपाच्या पंक्तीत स्थान मिळाले ते बहुधा याचमुळे.

दानाची परंपरा समाजाने उत्तम सांभाळली आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या पार्श्वभूमीवर १९७५ साली जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली. तिचे संस्थापक देवेंद्र राज मेहता यांचा पाय १९६९ मध्ये एका अपघातात गमावण्याची वेळ आली होती. पुढे या समितीच्या शिबिरांतून देशविदेशांतील असंख्य व्यक्तींना 'जयपूर फूट' विनामूल्य मिळाला. मात्र जेथे उणीव अवयवाची नसून बौद्धिक वाढीची आहे, तेथे असे साधन बसवून काम संपत नाही. अशा मुलाला खेळायला, पोहायला, नुसते हसायलासुद्धा कोणी सोबती लागतो. पैशाने शाळेची इमारत उभी राहते; सोबती मिळवणे अवघड. तरुण स्वयंसेवकांच्या बळावर ही सोबत संघटितपणे उभी करण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेत एका घराच्या अंगणात झाला.

ते घर युनिस केनेडी श्रायव्हर यांचे. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या या भगिनी. त्यांची थोरली बहीण रोझमेरी (जन्म १९१८) लहानपणापासून बौद्धिकदृष्ट्या मागे होती. १९४१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यात आली. तिचा परिणाम भयंकर झाला. चालणे-बोलणे बरेचसे गेले आणि उरलेले दीर्घ आयुष्य तिला संस्थेत काढावे लागले. ती २००५ मध्ये निवर्तली. एवढ्या प्रतिष्ठित घराण्यातही ही गोष्ट वर्षानुवर्षे झाकून ठेवली गेली. मग सामान्य कुटुंबांचे काय सांगावे! आपल्याकडेही पाहुणे आले की अशा मुलाला आतल्या खोलीत नेण्याची रीत अनेक घरांत होती, आणि ती सर्वस्वी नाहीशी झाली आहे असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

उन्हाळी सुटीत आपल्या मुलाला कोणतेही शिबिर घेत नाही, अशी तक्रार एका मातेने युनिस यांच्याकडे केली. जून १९६२ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनजवळ, मेरीलँड राज्यातील आपल्या 'टिंबरलॉन' या निवासस्थानीच दिवसाचे शिबिर भरवले. पहिल्या उन्हाळ्यात सुमारे पस्तीस मुले होती. त्यांच्यासाठी शाळा-महाविद्यालयांत शिकणारे तरुण-तरुणी बोलावले होते. शक्य तो एका मुलामागे एक स्वयंसेवक असावा, असा कटाक्ष होता. या तरुणांपैकी बहुतेकांजवळ ना पदवी होती, ना अनुभव. पोहणे, घोड्यावर बसणे, चेंडूचे खेळ यांत ते मुलांच्या बरोबरीने उतरले. ज्या मुलांना पाण्याजवळ नेणेही तज्ज्ञांना धोक्याचे वाटे, ती मुले तलावात उतरू लागली. श्रायव्हर यांची स्वतःची लहान मुलेही याच घोळक्यात खेळत.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युनिस यांनी 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या नियतकालिकात लेख लिहून रोझमेरीची स्थिती जगापुढे मांडली. शस्त्रक्रियेचा उल्लेख मात्र त्यातही नव्हता. संकोचाची पकड किती घट्ट असते, हे यावरून ध्यानात यावे.

पुढे केनेडी प्रतिष्ठानाच्या साहाय्याने इतर ठिकाणीही अशी शिबिरे सुरू झाली आणि २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर पहिली स्पेशल ऑलिंपिक्स भरली. सुमारे एक हजार खेळाडू त्यात उतरले होते. 'स्पेशल ऑलिंपिक्स भारत' ही संस्था २००१ पासून आपल्या देशात हेच कार्य करीत आहे. घरापासून आरंभ झाल्याचे उदाहरण महाराष्ट्रातही आहे, आणि ते टिंबरलॉनच्याही आधीचे : १९४४ मध्ये मुंबईत जय वकील यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने घरातच विशेष मुलांची शाळा सुरू केली. आज ती नामांकित संस्था आहे.

श्रायव्हर शिबिरात एक मर्यादा होती. स्वयंसेवक कितीही प्रेमळ असला तरी देणारा तो आणि घेणारे मूल, ही विभागणी तेथे पुसली गेली नव्हती. ती पुसण्याचा प्रयत्न न्यूयॉर्क राज्यातील कॅट्स्किल पर्वतात १९५१ ते १९७७ या काळात चाललेल्या 'कॅम्प जेनेड' या शिबिराने, विशेषतः १९७० च्या सुमारास, केला. पोलिओ, मेंदूचा पक्षाघात अशा व्याधी असलेली किशोरवयीन मुले तेथे येत. मुलांची काळजी घेणाऱ्या स्वयंसेवकांत स्वतः अपंग असलेलेही होते. जेवणात काय करावे यावरही मुलांची सभा भरे आणि बोलताना ज्याची जीभ अडखळे त्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत सगळे थांबत. जुडिथ ह्यूमन या तेथे आधी शिबिरार्थी होत्या, नंतर स्वयंसेविका झाल्या. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी कार्यालयात शंभराहून अधिक अपंग व्यक्तींनी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला आणि भेदभावाविरुद्धचे नियम मंजूर करून घेतले. त्याचे नेतृत्व ह्यूमन यांनी केले आणि त्यांच्या सोबत जेनेडमधले जुने सोबती होते.

सेवाभावी संस्थांच्या स्मरणिका चाळताना साहित्यवाटपाची छायाचित्रे हमखास दिसतात. मध्यभागी मान्यवर, हार, फलक. आणि ज्याच्यासाठी हा सोहळा तो मुलगा चाकांच्या खुर्चीत, एका कडेला. हेतू शुद्ध असतो, यात शंका नाही. पण १९७१ मध्ये जेनेडला एक चित्रीकरण पथक आले, तेव्हाची हकिकत वेगळी आहे. जिम लेब्रेक्ट हा पंधरा वर्षांचा मुलगा त्या उन्हाळ्यात तेथे होता. जन्मतःच मणक्याचा विकार असल्याने तो चाकांच्या खुर्चीत असे. पथकाने कॅमेरा त्याच्या खुर्चीला बांधून दिला आणि साऱ्या शिबिराची सफर त्यानेच घडवली. या जुन्या चित्रफिती पुढे सापडल्या. २०२० मध्ये लेब्रेक्ट यांनी निकोल न्यूनहॅम यांच्यासह 'क्रिप कॅम्प' हा माहितीपट केला, त्यात त्या पाहावयास मिळतात.