जुना संगणक, विमानाचे उड्डाण आणि पुण्याचा 'परम'

मुळशी तालुक्यातील चांदे हे हिंजवडीच्या संगणक-उद्योगाजवळचे गाव. तेथील एखाद्या तरुणाला घरच्या जुन्या संगणकावर 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' चालवायचे असेल, तर प्रश्न ठरलेला असतो: यंत्र नवे घ्यावे, की जुन्यातच नवे कार्ड बसवावे? मित्रहो, जवळच्याच पुणे विद्यापीठाच्या आवारात हा प्रश्न एका महासंगणकापुढेही उभा राहिला होता. आजचा धागा त्याविषयी.

आधी अडचण समजून घेऊ. आभासी उड्डाणात संगणकाला विमानाच्या गतीचे गणित सोडवावे लागते आणि खिडकीबाहेरचे दृश्यही रेखाटावे लागते, तेही सेकंदाला अनेकदा. एक काम रेंगाळले की विमान हवेतच अडखळते.

ही भूक जुनीच आहे. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाने एमआयटीकडे वैमानिकांच्या सरावासाठी यंत्र मागितले. जे फॉरेस्टर यांच्या चमूला उपलब्ध साधनांची गती अपुरी वाटली आणि त्यातून 'व्हर्लविंड' हा संगणक घडला. गंमत अशी, की सरावयंत्र बाजूलाच राहिले; इतिहासात नाव झाले ते संगणकाचे!

पुढे १९८० च्या दशकात ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीने 'ट्रान्सप्युटर' ही चिप आणली. शेजारच्या चिपशी थेट बोलण्यासाठी तिला चार दुवे होते. अशा चिपा जोडून इनमॉसच्या अभियंत्यांनी एकाच वेळी अनेकांना उडता येईल असा फ्लाइट सिम्युलेटर करून दाखवला.

हीच चिप पुण्यात पोहोचली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला क्रे महासंगणक अमेरिकेने नाकारला होता. १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. एकच बलाढ्य प्रोसेसर मिळेना, म्हणून अनेक लहान ट्रान्सप्युटर एकत्र जुंपले गेले.

परंतु ट्रान्सप्युटर संवादात तरबेज, जड आकडेमोडीत मात्र तोकडा. मग यंत्र मोडीत काढायचे का? सी-डॅकने तसे केले नाही. 'परम ८६००' मध्ये इंटेलची आय-८६० चिप जोडली गेली. गणित तिच्याकडे आणि आपापसातले दळणवळण ट्रान्सप्युटरकडे. माझ्या मते या कथेतला सर्वांत शहाणा निर्णय हाच होय.

'परम' संपूर्ण स्वदेशी होता, असे समाजमाध्यमांवर वारंवार लिहिले जाते. ते खरे नाही. ट्रान्सप्युटर ब्रिटिश, आय-८६० अमेरिकी. आपले होते ते या चिपांना एकत्र राबवणारी रचना आणि आज्ञावली. हे श्रेय मुळीच लहान नाही. त्याला खोट्या अलंकारांची गरज नाही.

आय-८६० चा दुसरा संसारही पाहण्याजोगा आहे. सिलिकॉन ग्राफिक्सने 'रिॲलिटी इंजिन' या यंत्रणेत त्रिमितीय भूमितीची आकडेमोड याच घराण्यातील चिपांवर सोपवली, आणि त्या यंत्रणेचा एक महत्त्वाचा उपयोग होता उड्डाण-सरावातील दृश्ये!

घरगुती संगणकात हाच मार्ग १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सच्या 'व्हूडू' कार्डाने रुळवला. हे कार्ड जुन्या ग्राफिक्स कार्डाची जागा घेत नसे, त्याच्या शेजारी बसे. जुन्या कार्डाची केबल नव्यात आणि नव्याची मॉनिटरला. साधी खिडकी उघडा, चित्र जुन्याचे. त्रिमितीय खेळ सुरू करा, ताबा नव्याकडे. दुसऱ्याच वर्षी आलेल्या 'फ्लाइट सिम्युलेटर ९८' ने अशा त्रिमितीय कार्डांची मदत घ्यायला सुरुवात केली.