ताजच्या आतलं ‘जुनं’ किती जुनं?

16 डिसेंबर 1903 रोजी मुंबईच्या अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल सुरू झालं, तेव्हा पाहुणे होते अवघे 17. साधी खोली 10 रुपयांना. पंखा आणि खोलीला जोडून न्हाणीघर हवं असेल तर 13. हे हॉटेल उभारणाऱ्या जमशेटजी टाटांना काय विकायचं होतं, ते या वरच्या तीन रुपयांत कळतं. आज तिथे शिरणारा माणूस झुंबरं, गालिचे आणि चित्रं पाहून जुन्या वैभवाला दाद देतो. पहिल्या पाहुण्यांचे डोळे मात्र दिपले ते नव्याकोऱ्या यंत्रांनी.

विजेचे दिवे, जर्मनीच्या लिफ्ट, अमेरिकेचे पंखे, तुर्की पद्धतीचे हमाम आणि दिमतीला इंग्रज बटलर. बॉलरूमच्या छताला लोखंडी खांब दिले, तेही पॅरिसहून आणलेले. बाहेरून घुमट, कमानी, सज्जे असा देशी थाट आणि आत सगळा विलायती सरंजाम, असा हा मामला होता. समोरचं गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हतंच; ते खुलं झालं 1924 मध्ये.

आराखडा होता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्यांचा हात त्याआधी बोरीबंदरच्या स्टेशनावर, म्हणजे तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवर, आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या हाताखाली बसलेला. ताजचं काम पुरं होण्याआधीच ते वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजानं ते तडीस नेलं. हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि त्या धक्क्यानं गोऱ्या आर्किटेक्टनं जीव दिला, ही कथा मुंबईकर अजून चवीनं सांगतात. तिला आधार नाही. मूळ प्रवेश शहराच्या बाजूनंच ठेवला होता. आता तिथे पोहण्याचा तलाव आहे. या दंतकथेनं एका मराठी माणसाचं नाव मात्र पार पुसून टाकलं, ते अधिक वाईट.

आतली सर्वांत देखणी गोष्ट विकत आणलेली नाही. ती इथेच घडली. मधला जिना बांधला कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रतनजी यांनी. पायऱ्यांचं एक टोक भिंतीत रुतलेलं, दुसरं अधांतरी. खाली खांब नाही की तुळई नाही. तळाशी उभं राहून मान वर केली की एकावर एक चढत गेलेले कठड्यांचे चौकोन दिसतात आणि त्यांच्याही वर घुमटाची पोकळी. झुंबरं कुठल्याही श्रीमंत हॉटेलात टांगता येतात, हा जिना दुसरीकडे उचलून नेता येत नाही.

पहिल्या महायुद्धात इथे 600 खाटांचं इस्पितळ झालं. 1933 मध्ये हार्बर बार आला. पण आतल्या रूपानं खरी कूस पालटली ती 1973 मध्ये, शेजारी टॉवर उभा राहिला तेव्हा. अजित केरकरांच्या हाती तेव्हा हॉटेलचा कारभार होता, तर सजावटीची सूत्रं पुढे एलिझाबेथ केरकरांकडे आली. परदेशी पाहुण्याला आता वीज आणि लिफ्टचं कौतुक उरलं नव्हतं. त्याला ‘भारत’ पाहायचा होता. मग देशी कापड, कोरीव लाकूड, जुन्या वस्तू दिसू लागल्या. हुसेन आणि गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारांची चित्रं भिंतींवर होतीच. संग्रहालयाला हेवा वाटावा असा हा संग्रह आहे. आपण ज्याला ताजचा परंपरागत थाट म्हणतो, त्यातला बराचसा असा सत्तरच्या दशकातला आणि त्यानंतरचा आहे. त्यात फसवणूक काही नाही. हॉटेल गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनीच सजतं.

नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्यात जुन्या इमारतीचे वरचे मजले आगीत होरपळले. काजळी आणि पाण्यानं चित्रंही खराब झाली. टॉवर 21 डिसेंबरलाच उघडला. जुन्या भागाला मात्र 15 ऑगस्ट 2010 उजाडावा लागला, कारण तिथे डागडुजी आणि नवी सजावट दोन्ही हातात हात घालून चालली होती. घुमट टिकला, जिनाही टिकला.

2017 मध्ये ताजच्या इमारतीच्या प्रतिमेची ट्रेडमार्क म्हणून नोंद झाली. असा मान मिळालेली ती देशातली पहिली इमारत. नोंद झाली ती बाहेरच्या रूपाची.