रानडुकराची शिकार : काल आणि आज

गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की आम्हा बायकांचं बोलणं रानडुकरांवर येतंच. भुईमूग उकरला, मका आडवा केला. मग कुणीतरी म्हणतं, "पूर्वी सरळ मारायचे, आता कायदा आडवा येतो." म्हणून आज ही पूर्वीची गोष्ट नीट पाहू.

ही शिकार फार जुनी. कर्नाटकात आतकूर इथे दहाव्या शतकातला एक शिलालेख सापडला. काळी नावाचं शिकारी कुत्रं रानडुकराशी झुंजलं, दोघंही मेली आणि कुत्र्याच्या आठवणीसाठी दगड उभारला, असं त्यात कोरलंय. पुढे बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथातही शिकारीचं वर्णन आलं. इंग्रज अधिकारी घोड्यावर बसून भाल्याने डुक्कर मारायचे, तो त्यांचा खेळ होता.

गावाची शिकार मात्र पीक वाचवायला आणि पोटाला होती. हाकारे रान उठवायचे, कुत्री माग काढायची, वाटेवर वाघर म्हणजे जाळं लावलेलं असायचं. फासेपारध्यांचं तर नावच फासावरून पडलं. इंग्रजांच्या कायद्याने त्यांना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का १९५२ साली पुसला गेला, कायद्यातून तरी.

जखमी डुक्कर उलटून सुळे मारतं, त्यामुळे हे एकट्याचं काम नव्हतं. म्हणून हाकाऱ्यालाही मटणाचा वाटा मिळायचा. आणि बाकीच्या रात्री? माळ्यावर राखण, गोफण, पत्र्याचा डबा, शेकोटी. या राखणीत बायका होत्याच, फक्त शिकारीच्या गोष्टी सांगताना त्यांचं नाव कुणी घेत नाही.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकार असलेला वनअधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. त्याशिवाय मारणं गुन्हा. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारची मालमत्ता, त्याचे वाटे घालता येत नाहीत. जीव वाचवताना ते मेलं, तर तो गुन्हा नाही.

जुन्या वाघरीजवळ माणूस उभा असायचा. आज कुंपणात वीज सोडतात, तिथे राखायला कुणी नसतं. पहाटे पाणी धरायला गेलेला घरधनी, सरपणाला निघालेली शेजारीण, कुणाचाही जीव त्या तारेवर जातो.

तेव्हा नुकसान झालं की लगेच फोटो काढू, वनरक्षकाला कळवू, पंचनामा करून घेऊ, भरपाईचा अर्ज देऊ. एकटीचा कागद मागे पडतो, तर दहाजणी मिळून जाऊ. हाकाही कधी एकट्याने उठत नव्हता.